चौदा वर्षांनी बलात्काराची तक्रार: मुदत संपली का? आणि ट्रंकेत जपलेल्या सलवारीचं काय?

चाफा

हे माझ्या मैत्रिणीबद्दल आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असं काही विचारू नका, प्लीज.

डिसेंबर २०११. ती २० वर्षांची होती. खासगी क्लासमधल्या एका सरांनी नोट्स द्यायच्या म्हणून बोलावलं आणि तिच्यावर बलात्कार केला. घरी येऊन तिने आंघोळ केली, कुणाला काही सांगितलं नाही. पण अंगावरची सलवार तिला धुववेना आणि टाकूनही देववेना. दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, गाठ मारली आणि ट्रंकेत रजयांच्या खाली ठेवून दिली. तिथे ती अजून तशीच आहे. मला तिने हे दोन वर्षांनी सांगितलं. पिशवी मी स्वतः पाहिली आहे, पण आम्ही दोघींनी कधी उघडली नाही.

मागच्या महिन्यात त्या माणसाच्या नव्या बॅचची जाहिरात तिच्या भाचीच्या हातात दिसली. त्या रात्री तिने मला फोन केला आणि म्हणाली, "आता मला तक्रार करायची आहे."

तिचा भाऊ तिच्या बाजूने आहे, पण तो म्हणतो की मुदत संपली, दहा वर्षांच्या आत करायला हवं होतं, त्याने नेटवर वाचलंय. हे खरं आहे का? आणि इतक्या वर्षांनी त्या कपड्यावर डीएनए मिळतो का? नसेलच मिळत तर तिला तक्रार करायला लावणं म्हणजे तिला पुन्हा फरफटत नेणं होईल का, ही भीती मला झोपू देत नाही.

उत्तररात्र

चाफा, वाईट वाटतं लिहायला, पण खोटी आशा नको म्हणून लिहिते. आमच्या नात्यात एकीने २०१० मधल्या विनयभंगाची तक्रार पाच वर्षांनी केली. तीन वर्षांची मुदत उलटली म्हणून कोर्टात ती टिकलीच नाही. तिला त्याचा फार त्रास झाला. आधी वकिलांना विचारा, मगच पुढे जा.

काळा_कोट

फौजदारी वकिली करते, त्यामुळे मुदतीचं मी सांगते.

उत्तररात्र, तुमच्या नातलगांचं झालं ते खरंच असणार, पण तो हिशेब इथे लागू होत नाही. आपल्याकडे मुदत शिक्षेवरून ठरते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४६८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ५१४ झालं. नुसता दंड असेल तर सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर तीन वर्षं. त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतच नाही. विनयभंगाला, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ ला, २०१३ च्या दुरुस्तीपूर्वी जास्तीत जास्त दोन वर्षं कैद होती. म्हणून तिथे तीन वर्षांची मुदत आड आली. २०१३ नंतर तीच शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आणि मुदतीचा प्रश्न मिटला, पण फक्त त्यानंतरच्या गुन्ह्यांसाठी. तुमच्या नातलगांना त्या वेळी कुणी प्रक्रिया संहितेतलं कलम ४७३ सांगितलं होतं का? उशिराचं कारण पटलं किंवा न्यायासाठी आवश्यक वाटलं, तर मुदत उलटूनही कोर्ट दखल घेऊ शकतं. ही वाट बऱ्याच जणींना सांगितलीच जात नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

चाफा, आता तुमच्या मैत्रिणीचं. बलात्काराला, कलम ३७६ ला, २०११ मध्येही किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप होती. म्हणजे मुदत नाही. दहाव्या वर्षी नव्हती, आज चौदाव्या वर्षीही नाही.

एक गोष्ट मात्र तिला नाजूकपणे विचारावी लागेल, आणि ती तुम्ही नाही, तिच्या वकिलांनी विचारायची. २०११ चा गुन्हा २०११ च्या कायद्याने मोजला जातो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) मुळे नंतरचा कडक कायदा मागे नेता येत नाही. तेव्हा बलात्काराची व्याख्या अरुंद होती, त्यात फक्त योनीसंभोग येत होता. बाकीचे लैंगिक अत्याचार २०१३ च्या दुरुस्तीने त्यात आले. तिच्यावर झालेला अत्याचार त्या जुन्या व्याख्येत बसत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर कलम ३७७ (अनैसर्गिक संभोग) लागतं का ते पाहायचं. त्यालाही जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, म्हणून मुदत नाही. तेही लागत नसेल आणि फक्त ३५४ उरत असेल, तर मात्र मुदत आणि ४७३ चा, म्हणजे नव्या संहितेत ५१९ चा, अर्ज हे सगळं येतं. पहिल्या जबाबात काय झालं ते तिच्या स्वतःच्या शब्दांत, नेमकं, येणं म्हणूनच महत्त्वाचं आहे. "गैरवर्तन केलं", "जबरदस्ती केली" असे मोघम शब्द लिहून घेऊ देऊ नका.

उशीर हा मुदतीपेक्षा वेगळा विषय आहे. मुदत नसली तरी "इतकी वर्षं गप्प का होतीस?" हे उलटतपासणीत विचारलं जाणारच. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग या निकालात स्पष्ट म्हटलं आहे की लैंगिक अत्याचारात तक्रारीला उशीर होणं समजण्यासारखं आहे, आणि पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते. पण उशिराचं कारण सांगावं लागतं. ते खरं असावं आणि पहिल्याच जबाबात असावं. भाचीच्या हातातली जाहिरात, तुम्हाला दोन वर्षांनी सांगितलं ती वेळ, हे सगळं त्यात यायला हवं. तुम्ही स्वतः साक्षीदार होऊ शकता, याची तयारी ठेवा.

पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्यायचं, तिथेही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, आणि जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

वाचक_विनय

भावाने वाचलेली दहा वर्षं बहुधा अमेरिकेतल्या बातम्यांतली असावीत. तिकडे प्रत्येक राज्याची मुदत वेगळी, आणि कॅलिफोर्नियात बलात्काराला बराच काळ साधारण दहा वर्षांची होती. १ जानेवारी २०१७ पासून तिथे ती गंभीर लैंगिक गुन्ह्यांसाठी काढली, पण पुढच्या गुन्ह्यांपुरतीच. 'गोल्डन स्टेट किलर' म्हणून ओळखला जाणारा तिथला बलात्कारी खुनी २०१८ मध्ये डीएनएवरून सापडला, तरी सत्तरच्या दशकातल्या त्याच्या बलात्कारांचे खटले त्याच्यावर भरता आले नाहीत. खून आणि अपहरणाचे भरले. बायका समोर होत्या, माणूस सापडला होता, आणि कायद्याचं दार बंद होतं. ते वाचून मी सुन्न झालो होतो.

विस्कॉन्सिनमध्ये तेव्हा मुदत सहा वर्षांची होती. मिलवॉकीच्या सरकारी वकिलांनी १९९९ मध्ये मुदत संपायला काही दिवस राहिले असताना नाव माहीत नसलेल्या माणसावर वॉरंट काढलं. नावाच्या जागी त्याचं डीएनए प्रोफाइल लिहिलं. माणूस नंतर सापडला तरी खटला मुदतीत धरला गेला. असे उपाय तिकडे शोधावे लागले, कारण तिकडे मुदत होती. आपल्याकडे तो अडसर नाही.

उलट आपल्याकडचं उदाहरण उत्तर प्रदेशातल्या शाहजहांपूरचं आहे. १९९४ मध्ये १२ वर्षांच्या मुलीवर दोन भावांनी बलात्कार केला, त्यातून तिला मुलगा झाला. मुलगा मोठा झाल्यावर त्याने वडिलांचं नाव विचारलं. २०२१ मध्ये कोर्टाच्या आदेशाने गुन्हा नोंदला गेला, डीएनए तपासणीत पितृत्व जुळलं, आणि २०२४ मध्ये दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. तीस वर्षांनी. भावाला हे दाखवा.

सूक्ष्मदर्शी

चाफा, मी सरकारी प्रयोगशाळेच्या जीवशास्त्र विभागात २६ वर्षं काम केलं. आता निवृत्त आहे. सलवारीबद्दल मी सांगते, पण आधी एक काम करा. आत्ताच मैत्रिणीला फोन करा आणि सांगा, पिशवी उघडू नकोस. आत काय आहे ते बघायचा मोह होईल, त्यातही पोलिसांकडे जायच्या आदल्या रात्री. तेव्हाही नाही.

डीएनए मिळेल का? मिळू शकतो. चौदा वर्षं हा आकडा ऐकून घाबरू नका. वेळ डीएनएला जेवढी मारते त्यापेक्षा ओल जास्त मारते. कोरड्या कपड्यावरचा वीर्याचा डाग फार टिकाऊ असतो. हाताला तो कडक लागतो, खळ घातल्यासारखा. शुक्रपेशीच्या डोक्यात डीएनए इतका घट्ट बांधलेला असतो की साधी पेशी फोडणाऱ्या रसायनाने ती फुटत नाही. आम्ही त्याचाच फायदा घेतो. डागाचा छोटा तुकडा कापून आधी सौम्य रसायनात ठेवतो. त्यात स्त्रीच्या पेशी फुटतात, तिचा डीएनए द्रावात येतो, तो बाजूला काढतो. तळाशी शुक्रपेशींची डोकी तशीच उरतात. मग डीटीटी नावाचं रसायन घातलं की त्यांचे बंध सुटतात आणि पुरुषाचा डीएनए वेगळा मिळतो. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा त्या बोटभर नळीकडे किती वेळ बघत बसले होते! एका नळीत ती, दुसऱ्या नळीत तो, वेगवेगळे.

त्याआधी डाग शोधावा लागतो. कपडा पांढऱ्या कागदावर पसरायचा, खोलीत अंधार करायचा, विशेष दिव्याखाली बघायचं. डाग फिकट चमकतो. ओला टिपकागद त्यावर दाबून उचलायचा, त्यावर रसायनाचे थेंब टाकायचे. थोड्या वेळात जांभळा रंग आला की तिथे वीर्य असण्याची शक्यता. नुसत्या रंगावर आम्ही काही ठरवत नाही. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसाव्या लागतात.

आता काळजीची बाजू. तिने सलवार दुसऱ्या दिवशी बांधली म्हणजे तोवर ती वाळली असणार, हे फार चांगलं. आतला कागद चांगला, बाहेरचं प्लास्टिक वाईट. प्लास्टिकमध्ये ओल अडकते, बुरशी येते, जिवाणू डीएनए खातात. रजयांखाली, ट्रंकेत, कोरडं राहिलं असेल तर आशा आहे. अर्धवट खराब झालं असेल तर डीएनएचे लांब तुकडे आधी तुटतात, छोटे राहतात, आणि अर्धं प्रोफाइल मिळतं. ते कमी ताकदीचं, पण निरुपयोगी नाही. फक्त पुरुषाच्या वाय गुणसूत्रावर चालणारी चाचणीही असते. मात्र तिच्यात त्या माणसाचे वडील, भाऊ, मुलगे सगळे सारखेच दिसतात, हे लक्षात ठेवा.

मी दोन टोकं पाहिली आहेत. एकदा ओले कपडे तसेच प्लास्टिकमध्ये लाखेने मोहोर करून आले होते. गुन्हा घडून तीन आठवडे झाले होते, आणि पिशवी उघडताच काळी बुरशी आणि असा वास आला की शेजारच्या टेबलावरची मुलगी उठून बाहेर गेली. काही मिळालं नाही. "डीएनए प्राप्त झाला नाही" अशा चार शब्दांचा अहवाल मला सही करून पाठवावा लागला. कुठल्या तरी मुलीच्या खटल्यात तो वाचला जाणार होता, आणि चूक कापडं बांधणाऱ्याची होती. दुसऱ्या वेळी कागदी पाकिटात नऊ वर्षं पडून असलेला परकर आला आणि त्यावर पूर्ण पुरुष प्रोफाइल मिळालं. म्हणून कुणी मला "इतकी वर्षं झाली, आता काय" म्हणालं की मी म्हणते, आधी तपासायला द्या.

काळा_कोट ताई मुद्देमालाच्या प्रवासाबद्दल लिहितील असं वाटलं होतं, त्यांनी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. प्रयोगशाळेत चांगलं काम होऊनही पुरावा कोर्टात पडतो, कारण मधल्या काळात कपडा कुणाच्या हातात होता ते सांगता येत नाही. दिल्लीच्या छावला प्रकरणात, म्हणजे एका तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात, नमुने १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला घेतले आणि प्रयोगशाळेत २७ तारखेला गेले. तोवर ते ठाण्याच्या मालखान्यात होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या कारणांनी आरोपींना सोडलं त्यात हेही होतं. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की डीएनए नमुने घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजेत. मैत्रिणीने हे स्वतः विचारावं: जप्ती पंचनामा कधी, पंच कोण, मोहोर माझ्यासमोर झाली का, पाकीट कोणत्या तारखेला गेलं. विचारलं म्हणून कुणी रागावलं तर रागावू दे.

तुमच्या बाबतीत चौदा वर्षांचा हिशेब ट्रंकेचाही लागेल. ट्रंक कुणाची, किल्ली कुणाकडे, घर बदललं का, तेव्हा ती कुणी उचलली. आजच आठवून तिने कागदावर लिहून ठेवावं.

चाफा

ताई, वाचताना हात थरथरत होते. तिला फोन केला. ती म्हणाली, उघडलेली नाही, उघडणार नाही. घर एकदाच बदललं, तेव्हा ट्रंक तिने स्वतः टेम्पोत आपल्या पायाशी ठेवली होती.

एकच विचारते. त्या माणसाने उद्या म्हटलं की हे तिच्या मर्जीने झालं, तर डीएनए असूनही उपयोग काय?

सूक्ष्मदर्शी

हा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं. ओळखीच्या माणसाच्या खटल्यात खरी लढाई इथेच असते. डीएनए सांगतो की हा डाग कुणाचा. मर्जी होती का, हे सांगत नाही. कपडा २०११ चा की २०१५ चा, तेही सांगत नाही. मला साक्षीच्या पिंजऱ्यात कित्येकदा विचारलं आहे, "डाग किती जुना आहे ते तुम्ही सांगू शकता का?" दर वेळी मी "नाही" म्हटलं, कारण ते खरं आहे.

तो म्हणाला की मी हिला एकटीला कधी भेटलोच नाही, तर डीएनए त्याला खोटं पाडतो. तो म्हणाला की मर्जीने झालं, तर भेट आणि संबंध दोन्ही त्याने कबूल केले. मग तिच्या तोंडचं सांगणं, तो तिचा शिक्षक असणं, तुम्हाला २०१३ मध्ये सांगितलेलं, हे सगळं तोलावं लागतं. आणि कपड्यावर काहीच मिळालं नाही तरी तिची साक्ष शिल्लक राहतेच, असं वकील ताईंनी वर गुरमीत सिंग निकालावरून सांगितलंच आहे. डीएनए नाही म्हणून तिने परत फिरू नये, एवढं माझ्यातर्फे तिला सांगा.

काळा_कोट

सूक्ष्मदर्शी ताईंचं सगळं बरोबर. मालखान्याचं मी लिहायला हवं होतं, राहून गेलं.

आरोपीच्या रक्ताचा नमुना घ्यायची तरतूद २००६ पासून कायद्यात आहे. जुन्या प्रक्रिया संहितेत कलम ५३अ, आता नव्या संहितेत ५२. त्यामुळे जुळवायला समोरचा नमुना मिळणार नाही, अशी भीती नको. इतक्या वर्षांनी मैत्रिणीच्या शरीराची तपासणी करून नमुने मिळत नाहीत, ते साधारण ९६ तासांतच घेतात. तरी डॉक्टरांकडे पाठवतील, तेव्हा तिची संमती विचारली जाईल आणि नको असेल ते ती नाकारू शकते. दोन बोटांची चाचणी (योनीत बोटं घालून केली जाणारी तपासणी) कुणी सुचवली तर ती बंदी घातलेली आहे, हे तिथल्या तिथे सांगा. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल.

सूक्ष्मदर्शी

चाफा, एक राहिलं, आणि ते मी आधीच लिहायला हवं होतं. तुम्ही लिहिलंत की सलवार वर्तमानपत्रात गुंडाळली आहे. त्या कागदावर तारीख छापलेली असेल.

मी वर म्हटलं की डाग किती जुना ते आम्हाला सांगता येत नाही. पण डिसेंबर २०११ चा अंक त्या दिवसांत घरात होता, आणि त्यात ती सलवार गुंडाळली गेली. त्यावरून गाठ त्याच दिवशी बांधली असं सिद्ध होत नाही, जुना कागद नंतरही वापरता येतो, हे बचाव पक्ष म्हणेलच. तरी तिच्या सांगण्याला तो आधार आहे. पंचनाम्यात "वर्तमानपत्रात गुंडाळलेली सलवार" एवढंच लिहून कागद टाकून देतात, असं मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून तिने सांगायचं: कागद वेगळा जप्त करा, त्याचं नाव आणि तारीख पंचनाम्यात लिहा, स्वतंत्र पाकिटात मोहोर करा. प्लास्टिकची पिशवी आणि तिची गाठसुद्धा. गाठ सोडू नका, दुसऱ्या बाजूने कापा, असं सांगा.

ठाण्यात नेताना पिशवी तशीच एका मोठ्या कागदी पिशवीत ठेवायची, उन्हात गाडीत सोडायची नाही, आणि ती तिनेच हातात धरायची.